एका पायाला एक माळ

शहाडच्या लक्ष्मी गायकरच्या घरात भिंतीवर घड्याळ होतं, पण तिचा भरवसा माळेवर. दूध उतू जायला किती वेळ, डाळ शिजायला किती, हे ती जपमाळेच्या हिशोबात सांगायची. लेकीचे पाय ताणायचे तेही त्याच हिशोबानं. एका पायाला एक माळ.

कल्पिता दुसरीत असताना सारखी आजारी पडायची. सर्दी गेली की खोकला, खोकला गेला की ताप. डॉक्टर म्हणाले, मुलीला घरात कोंडू नका, खेळात घाला. म्हणून तिला कल्याणला सहदेव सरांच्या तायक्वांदोच्या क्लासला घातलं. सर जुन्या शिस्तीचे. क्लास सुरू झाला की पोरांनी आधी जमिनीवर बसायचं, पाय दोन्ही बाजूंना पसरायचे आणि छाती फरशीला टेकेपर्यंत पुढं वाकायचं. पोरं कळवळायची. बाकावर बसलेल्या आयांकडे बघून सर म्हणायचे, "ज्याचा पाय उघडत नाही, त्याची लाथ वर जात नाही. घरी करून घ्या." बाकीच्या आया हसल्या आणि विसरल्या. लक्ष्मी विसरली नाही. एकदा नेम धरला की मोडायचा नाही, हा तिचा स्वभाव.

पहाटे तुळशीला पाणी, मग देवपूजा, मग चटई. कल्पिताला पाय फाकवून बसवायचं, एक तळहात तिच्या पाठीवर ठेवून हळूहळू दाब द्यायचा, आणि दुसरा हात गोमुखीत. रामनामाचा एकेक मणी सरकायचा. मेरुमणी हाताला लागला की पाय बदलायचा.

"आई, पटापट जप ना गं," कल्पिता रडकुंडीला येऊन म्हणायची.

"देवाला घाई नसते बाळा."

वर्षं गेली तसा कल्पिताचा पाय असा उघडला की सर नव्या पोरांपुढं तिला बसवून दाखवायचे. स्पर्धा असली की मॅचच्या आधी लक्ष्मी कोपऱ्यात सतरंजी टाकायची, लेकीला बसवायची आणि माळ ओढायची. येणारे-जाणारे थांबून बघायचे. पदकं आली, ती देवघराशेजारच्या काचेच्या कपाटात लागली. लक्ष्मी तोंडानं कधी बोलली नाही, पण पदकावरची धूळ पुसताना तिच्या मनात असायचं, यातलं अर्धं पोरीचं. उरलेलं अर्धं माझ्या हाताचं आणि माझ्या रामाचं.

मग सरांचे गुडघे गेले आणि आयव्ही आली.

आयव्ही परेरा, राहणार माजिवडा. सरांचीच जुनी विद्यार्थिनी, राष्ट्रीय स्पर्धा खेळलेली. कानापर्यंत कापलेले केस, गळ्यात बारीक साखळीत क्रूस, स्कूटरवरून यायची आणि जिन्यातूनच हसत वर चढायची. पहिल्या दिवशी पोरं सवयीनं खाली बसली, पाय पसरू लागली, तर हिनं टाळ्या वाजवल्या.

"उठा, उठा! भजन आहे का? कोणी खाली बसायचं नाही."

पोरं खिदळत उठली. मग आयव्हीनं त्यांना पळवलं, उड्या मारायला लावल्या, भिंत धरून पाय झोपाळ्यासारखे पुढं-मागं हलवायला लावले, आणि शेवटी आपला तळहात समोर धरून एकेकाला म्हणाली, मार. 'भजन आहे का' हे तीन शब्द लक्ष्मीच्या कानात काट्यासारखे रुतून बसले होते. क्लास सुटल्यावर ती पुढं झाली.

"मॅडम, आज पाय ताणायचे राहिले."

"ते शेवटी, काकू. आता घेतले ना थोडे? घरी पण घ्या. रात्री."

"सर आधी घ्यायचे."

"माहितीये ना मला! मी पण तशीच बसलेले. मॅचच्या आधी स्प्लिट मारून नुसती बसून राहायचे, लोक फोटो काढायचे, मला भारी वाटायचं. आणि मग मॅचमध्ये लाथ मारली की पाय जायचा, जोर घरी राहायचा." ती हसली. "लांब ताणून धरलं ना काकू, की पाय सैल पडतो. थोडा वेळ त्याला ताकद सुचत नाही. मॅचच्या आधी अंग तापवायचं, हलतं ठेवायचं. ताणायचं ते नंतर. बिनधास्त ताणा मग."

लक्ष्मी 'बरं' म्हणाली. तिला कळलं नाही असं नव्हतं. कळलं नसतं तर बरं झालं असतं. दिवाळी होऊन होळी आली तोवर कल्पिताच्या लाथेचा आवाज बदलला होता. आधी पॅडवर पाय बसला की 'थप' वाजायचं, आता 'फाट' वाजायला लागलं, बाकावर बसलेल्या बायका दचकायच्या. लक्ष्मी ते ऐकायची आणि तिला आनंद व्हायच्या आधी दुसरंच काहीतरी व्हायचं. हा आवाज आपल्या हातानं आला नाही, एवढंच पहिल्यांदा मनात यायचं.

पहाटेची चटई रात्रीवर गेली. रात्री कल्पिता म्हणायची, "आज नको आई, आयव्ही दीने क्लासलाच करून घेतलेलं."

आयव्ही दी. जेवताना आयव्ही दी, आंघोळीला जाताना आयव्ही दी. आयव्ही दी म्हणते पाणी घोट घोट प्यायचं. आयव्ही दी म्हणते वेणी हेल्मेटमध्ये टोचते. त्या पोरीनं कंबरेपर्यंतचे केस, ज्यांना लक्ष्मीनं न चुकता तेल लावलं होतं, ते खांद्यापर्यंत कापून आणले आणि आरशात बघून म्हणाली, "सेम आयव्ही दी!"

लक्ष्मीनं त्या दिवशी दोनदा आंघोळ केली. मनात आलं ते धुवून निघतं का बघायला.

नवरा, काळुराम, झोपाळ्यावर बसून हे सगळं बघायचा. एकदा म्हणाला, "तू जलतंस का काय त्या पोरीवर?"

"मी कशाला जळू? मी देवाचं करणारी बाई."

"देवाचं करनारीच जास्त जलतंय. कापूर नाय बघितलास?"

"तुम्ही गप बसा," ती म्हणाली, तेही हळूच. आवाज चढवला की नेमाला बाध येतो, अशी तिची समजूत होती. पण त्या संध्याकाळी आरतीला कापूर लावताना तिनं ताम्हनाकडे बघायचं टाळलं.

श्रावण लागला. श्रावणातल्या शुक्रवारी लक्ष्मीच्या घरी जिवतीची पूजा. देव्हाऱ्यात जिवतीचा कागद लावायचा, आघाडा-दुर्वांची माळ घालायची, पुरण घालायचं, आणि संध्याकाळी लेकराला पाटावर बसवून ओवाळायचं. लेकराला ओवाळल्याशिवाय आई तोंडात घास घालत नाही. त्या शुक्रवारी लक्ष्मी निरांजन लावून बसली. वात सारली, पुन्हा तेल घातलं. कल्पिता क्लासहून यायची वेळ होऊन गेली. फोन लागेना. जिवतीपुढचं दूध निवलं, त्यावर साय धरली, तेव्हा कुठं खाली स्कूटरचा आवाज आला.

दोघी हसतच वर आल्या. "सॉरी सॉरी आई! दीच्या घरी गेलेलो. तिच्या मम्मीने गरम गरम फुगे तळलेले, ते गोल गोल गोड पाव, सॉलिड होते, मी किती खाल्ले माहितीये?"

लक्ष्मीच्या पोटात सकाळपासून पाण्याशिवाय काही नव्हतं. ती एवढंच म्हणाली, "बस पाटावर."

तिनं लेकीला कुंकू लावलं, ओवाळलं. आयव्ही दाराशीच, बूट काढून, हात मागं बांधून बघत उभी होती. लहान मुलासारखे तिचे डोळे निरांजनावर लागले होते.

"किती छान! काकू, मला पण ओवाळा ना."

ताट हातात होतं. वात चांगली जळत होती.

"वात विझत आली गं," लक्ष्मी म्हणाली आणि ताट देव्हाऱ्याकडे घेऊन गेली. वळून आली ती हातात फुटाणे आणि साखर घेऊन. आयव्हीनं ते ओंजळीत घेतलं, कपाळाला लावलं आणि खाल्लं. कल्पिता आईकडे बघत होती. त्या रात्री लक्ष्मीला पुरण गोड लागलं नाही.

श्रावण संपता संपता, रविवारी, ठाण्यात जिल्ह्याची निवड स्पर्धा होती. वजनगटात पहिली येईल ती राज्याला जाणार. कल्पिताचं या वयोगटातलं हे शेवटचं वर्ष. पुढच्या वर्षी तिला मोठ्या बायकांत उतरावं लागलं असतं. तेव्हा जे काय व्हायचं ते याच रविवारी, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. काळुरामनं दोघींना सकाळी गाडीनं सोडलं आणि तो पार्किंग शोधायला म्हणून जो गेला, तो चहाच्या टपरीवर रमला.

हॉल वातानुकूलित, आत शिरल्या शिरल्या हुडहुडी भरेल असा. चार मॅट मांडलेल्या, शिट्ट्या, माईकवर नावं, आणि वर पायऱ्यापायऱ्यांच्या बाकांवर पालक. आयव्हीनं कल्पिताला बाजूच्या जागेत नेऊन कामाला लावलं. पळणं, उड्या, गुडघे छातीपर्यंत, पाय झुलवणं, मग तळहातावर लाथा. फाट, फाट. लक्ष्मी वरून बघत होती. पोरीच्या कपाळावर घाम दिसायला लागला तेव्हा आयव्हीनं तिला जॅकेट चढवलं, चेन गळ्यापर्यंत ओढली. तेवढ्यात लांबच्या मॅटवर क्लासमधल्या छोट्या अलिशाचं नाव पुकारलं. प्रत्येक खेळाडूच्या मागं खुर्चीवर त्याचा कोच बसावा लागतो. आयव्हीला जावं लागलं.

"कल्पी, तुझं नाव यायला वेळ लागेल. हलत राहा. जॅकेट काढायचं नाही. आणि बसायचं नाही, कळलं?"

कल्पी. घरात तिला कोणी कल्पी म्हणत नव्हतं. हे नाव कधी जन्मलं ते लक्ष्मीला माहीतही नव्हतं. ती थर्मास घेऊन खाली उतरली.

"ये गं, जरा टेक."

"आई, बसायचं नाहीये. दी ओरडेल."

"दी ओरडेल," लक्ष्मी म्हणाली. "आणि आई ओरडत नाही, म्हणून आईचं ऐकायचं नाही."

"तसं नाही गं."

"आजपर्यंत एकदा तरी तुला रामाचं नाव न घेता मॅटवर पाठवलीय का मी? आज एवढा मोठा दिवस, आणि आजच देव नको झाला?" तिचा आवाज नेहमीसारखाच मऊ होता. मऊ आवाजाला नाही म्हणणं फार कठीण. "एका पायाला एक माळ. जास्त नाही."

कल्पितानं लांबच्या मॅटकडे बघितलं. आयव्ही पाठमोरी, खुर्चीच्या टोकावर बसून अलिशाला काहीतरी ओरडून सांगत होती. मग तिनं आईच्या तोंडाकडे बघितलं आणि ती खाली बसली.

"जॅकेट काढ. घामानं भिजलंय, सर्दी होईल."

किती दिवसांनी ती पाठ हाताखाली आली होती. गरम, ओलसर, श्वासाबरोबर वरखाली होणारी. लक्ष्मीनं तळहात टेकला आणि दाब दिला. पोरीची छाती जमिनीला टेकली. लक्ष्मीनं माळ धरली, आणि खरं सांगायचं तर ती मुद्दाम सावकाश ओढली. शेजारून जाणारा एक मुलगा मित्राला म्हणाला, "अबे देख, क्या फ्लेक्सिबल है!" आणि त्यानं मोबाइल काढला. लक्ष्मीच्या अंगावर मूठभर मांस चढलं. डावा पाय झाला, उजवा झाला. मेरुमणी आला. कबूल केलं होतं तेवढं झालं होतं.

"झालं?" कल्पितानं जमिनीला गाल लावूनच विचारलं.

"अजून एकेक," लक्ष्मी म्हणाली.

ती दुसरी माळ कोणासाठी होती, हे तिला विचारलं असतं तर तिनं रामाचं नाव घेतलं असतं. रामाला मात्र ठाऊक होतं. हाताखालची पाठ निवत चालली होती, अंगावरचा घाम सुकत होता, आणि लक्ष्मीला आयव्हीचं 'जोर घरी राहायचा' अक्षरन्‌ अक्षर आठवत होतं. तरी तिनं हात उचलला नाही. माईकवर नाव आलं तेव्हाच उचलला.

कल्पिता निळ्या बाजूला, समोर डोंबिवलीची एक ठेंगणी, गुटगुटीत मुलगी लाल बाजूला. आयव्ही अलिशाच्या मॅटवरून धावत आली ती थेट खुर्चीत बसली. मधलं तिनं काही बघितलं नव्हतं. लक्ष्मी पुन्हा वर न जाता कठड्याला धरून तिच्या मागंच उभी राहिली.

या खेळात आता छातीवरच्या गार्डात आणि पायातल्या मोज्यात यंत्र असतं. लाथ नुसती लागून उपयोग नाही, जोरात बसली तरच बोर्डावर गुण चढतो. कल्पितानं पहिली लाथ मारली. बरोबर पोटावर. बोर्ड हलला नाही. दुसरी मारली, पुन्हा लागली, बोर्ड तसाच. समोरच्या मुलीनं आखूड पायानं एक ठेवून दिली, फाट, आणि लालचे दोन गुण चढले.

"अरे, लागली ना!" आयव्ही खुर्चीतून अर्धी उठली. "कल्पी, जोर लाव! जोर कुठंय?"

पुन्हा लाथ, पुन्हा काही नाही. आयव्हीनं पंचाला हात करून मोज्यातलं यंत्र तपासायला लावलं. पंचानं तिचा पाय गार्डावर आपटून बघितला. यंत्र नीट होतं. आयव्ही खाली बसली आणि तिचा चेहरा पडला. इतक्या दिवसांत लक्ष्मीनं तो हसरा चेहरा असा गोंधळलेला कधी बघितला नव्हता.

आणि त्या क्षणी लक्ष्मीच्या छातीत गुळाचा खडा विरघळावा तसं झालं. बघ. बघ आता. तुझ्या खुर्चीत बसून काय होतंय ते बघ.

तो गोडवा पुरता उतरायच्या आत तिची नजर मॅटवर गेली. तिची पोर थांबली होती आणि मुठीनं आपल्याच मांडीवर मारत होती. एक, दोन, जोरजोरात. झोपलेल्याला उठवावं तसं.

पहिला राउंड गेला. तीनातले दोन जिंकायचे, म्हणजे अजून एक गेला की सगळं संपलं. मध्ये फक्त मिनिटभराची विश्रांती. कल्पिता खुर्चीपाशी आली. आयव्हीनं तिचं हेल्मेट काढलं, बाटली तोंडाला लावली.

"काय झालं? मघाशी तर पेटलेलीस. मध्ये काय केलंस?"

कल्पितानं तोंडावरचं पाणी बाहीनं पुसलं.

"बोल ना!"

"बसलेले."

"बसलेलीस? का?"

"स्ट्रेच केलं. थोडा वेळ." तिनं हेल्मेट परत हातात घेतलं. "मीच केलं."

"तूच? वेडी आहेस का तू? किती वेळा सांगितलेलं तुला? रोज सांगितलेलं! आजच्या दिवशी?"

कल्पिता खाली बघत राहिली. कठड्याच्या अलीकडे लक्ष्मीनं सगळं ऐकलं. पोर खोटं बोलली. आपल्यासाठी बोलली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा माय-लेकींत असं काहीतरी होतं की ज्यात आयव्हीला जागा नव्हती. लक्ष्मीला हवं होतं ते हेच. ते अलगद हातात आलं होतं आणि तिनं फक्त गप्प राहायचं होतं.

"ठीक आहे," आयव्ही तोडून म्हणाली. "तुला ऐकायचंच नसेल तर मी इथं कशाला बसलेय?" आणि तिनं तोंड फिरवून बाटलीचं झाकण लावलं.

कल्पिताचे डोळे भरले. तिनं आयव्हीकडे बघितलं, पंचाकडे बघितलं, बोर्डाकडे बघितलं. फक्त आईकडे बघितलं नाही. आई तिथं आहे हे कळू नये म्हणून, जपून, मान वळवली नाही.

ते लक्ष्मीला सोसवलं नाही.

"मी बसवलं," ती म्हणाली. हॉलच्या गोंगाटात तिचा आवाज तिलाच ऐकू आला नाही. मग आयुष्यात कधी ओरडली नव्हती अशी ती ओरडली, "आयव्ही! मी बसवलं तिला! दोन-दोन माळा!"

आयव्ही वळली. "काय? कसल्या माळा?"

"खाली बसवलं. बराच वेळ. जॅकेट काढायला लावलं. ती नको म्हणत होती, मीच पाठ दाबून धरली." मग जे बोलायची गरज नव्हती तेही निघून गेलं. "तू सांगितलेलं मला. मला ठाऊक होतं."

आयव्हीनं तिच्याकडे बघितलं. जिवतीच्या दिवशी ताट वळवलं तेव्हाही तिनं असंच बघितलं होतं, हे लक्ष्मीला आत्ता कळलं. त्या पोरीनं तेव्हाच सगळं ओळखलं होतं. पण बोलायला वेळ नव्हता. आयव्हीनं पाठ फिरवली आणि कल्पिताचं तोंड दोन्ही हातांत धरलं.

"ऐक. माझं चुकलं, सॉरी. आता छातीला मारूच नको, नाही वाजणार. पाय उघडलेत ना? मग डोकं घे. डोक्याला जोर नको, नुसतं लागलं तरी बास. आणि आत्ता उड्या मार. इथंच. मार!"

कल्पितानं उड्या मारल्या. आयव्हीही खुर्चीसमोर उभी राहून तिच्याबरोबर उड्या मारत होती. लक्ष्मी कठड्याला धरून उभी होती.

दुसऱ्या राउंडला तो पाय वर गेला. लाल मुलीच्या खांद्यावरून, वळसा घेऊन, कुणी हळूच टपली मारावी तसा हेल्मेटला टेकला. बोर्डावर तीन चढले. पुन्हा गेला, पुन्हा टेकला. दुसरा राउंड निळ्याचा. तिसऱ्यापर्यंत तिचं अंग परत तापलं होतं. शेवटी शेवटी एक लाथ पोटावर बसली आणि लक्ष्मीला ओळखीचा आवाज आला. फाट. कल्पिता जिंकली, पण जेमतेम.

ती मॅटवरून उतरली आणि सरळ आयव्हीच्या गळ्यात पडली. आयव्हीनं तिला उचलूनच घेतलं. लक्ष्मी थर्मास हातात धरून दोन पावलांवर उभी राहिली. मिठी सुटायची वाट बघत. ती लवकर सुटली नाही.

मग आयव्ही तिच्याकडे आली. हसत नव्हती, पण रागातही नव्हती. तेच जास्त लागलं.

"काकू, फायनल आहे अजून."

"हो."

"तुम्ही वर बसा. संपेपर्यंत खाली येऊ नका, प्लीज. पाणी द्यायला पण नाही."

लक्ष्मीनं लेकीकडे बघितलं. कल्पिता तिथंच होती, सगळं ऐकत होती. ती खाली वाकली आणि मोजा ओढत बसली. नीट असलेला मोजा.

"बरं," लक्ष्मी म्हणाली.

ती वर जाऊन मधल्या रांगेत बसली. तिथून बाजूची जागा स्वच्छ दिसत होती. आयव्ही तळहात धरत होती, कल्पिता मारत होती. मध्येच आयव्ही काहीतरी म्हणाली आणि दोघी हसल्या. आत्ता तर रडत होती, आणि इतक्यात हसायला लागली! काय सांगितलं असेल? आयव्हीनं आपल्याच गळ्यातल्या टॉवेलनं पोरीची मान पुसली. लक्ष्मीची बोटं आपोआप पदराकडे गेली. चातुर्मासात तिनं आजवर कितीतरी गोष्टी सोडल्या होत्या. कांदा सोडला, गोड सोडलं, वांगं सोडलं. वांगं सोडणं सोपं. आपण सोडलेलं वांगं दुसऱ्याच्या ताटात जाऊन हसत बसत नाही.

कल्पितानं एकदाही वर बघितलं नाही. बघेल, आत्ता बघेल, म्हणून लक्ष्मी तिच्यावरून नजर काढत नव्हती. जीव जळत होता तो काही विझला नव्हता. उठावं, खाली जावं, नुसतं कपाळावरून हात फिरवून यावं, असं पायांना सारखं वाटत होतं.

माईकवर फायनलची नावं पुकारली. आजूबाजूचे आई-बाप मोबाइल काढत कठड्याकडे धावले. शेजारी डबा उघडून बसलेल्या बाईनं लक्ष्मीला कोपरानं ढोसलं.

"तुमची ना ती निळी? मघाशी खाली होतात ना तुम्ही? अहो, जा की! फायनल आहे पोरीची."

"नको. मी इथं बरी आहे."

"आणि ती कोण, खुर्चीवरची? मोठी मुलगी का तुमची?"

लक्ष्मीनं खाली बघितलं. आयव्ही खुर्चीच्या टोकावर बसली होती, आणि कल्पिता मॅटवर जायच्या आधी तिच्याकडे वाकून काहीतरी ऐकत होती.

"नाही," ती म्हणाली. "तिची मॅडम." मग थोडं थांबून, दाताखालचा खडा काढावा तसं तिनं ते बाहेर काढलं. "चांगली आहे."

शिट्टी वाजली. बाकावर सगळे उभे राहिले, त्यामुळं लक्ष्मीला मॅटचा एक कोपरा तेवढा दिसत होता. उभी राहिली असती तर सगळं दिसलं असतं. पण एकदा उभी राहिली की पाय खाली नेतील, हे ती ओळखून होती. तिनं दोन्ही हातांनी बाकाची कड घट्ट धरली आणि बसून राहिली. लोकांच्या पाठींमधून पहिला आवाज आला, फाट, आणि तो कोणाचा होता हे तिला कोणी सांगायची गरज पडली नाही.